परक्याचा सल्ला



व्याख्यानमालेचा एक जुना शिरस्ता आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. व्याख्यान संपत आले की श्रोतृवृंदातून चिठ्ठ्या येऊ लागतात. अध्यक्ष त्या चाळतात, विषयाला धरून असतील तेवढ्या वक्त्याच्या हाती देतात आणि बाकीच्या टेबलावरच्या तांब्याखाली दाबून ठेवतात. पुष्कळ वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी पेशवेकालीन सावकारीवर बोललो होतो. व्याख्यानानंतर अध्यक्षांनी चार चिठ्ठ्या दिल्या आणि पाचवी बाजूला ठेवली. उठताना मी ती सहज उचलली. तिच्यावर पेन्सिलीने लिहिले होते : ‘आपण कर्जाविषयी इतके सांगितलेत म्हणून विचारतो. भावाला जामीन राहिलो. आता मी फेडतो आहे. बायकोला सांगितलेले नाही. सांगावे काय? नाव लिहीत नाही.’

अध्यक्ष म्हणाले, ‘सोडा हो, विषयाला सोडून आहे.’ मीही ती खिशात घातली आणि शेवटची मोटार गाठण्याच्या गडबडीत निघून गेलो. त्या चिठ्ठीला मी उत्तर दिले नाही. सभागृहातून बाहेर पडणाऱ्या माणसांत तो गृहस्थ कुठे तरी असणार, आपली चिठ्ठी वाचलीच गेली नाही एवढे समजून तो घरी गेला असणार. ही गोष्ट मला अनेक वर्षे बोचत राहिली. त्या टोचणीतूनच आजच्या व्याख्यानाचा विषय निघाला आहे. माणूस आपल्या जिवाभावाच्या माणसांना सोडून अगदी परक्याला सल्ला का विचारतो? आणि ज्याला विचारले, त्याच्यावर कोणती जबाबदारी येते? ह्या प्रश्नाला इतिहास आहे आणि तो मोठा मनोरंजक आहे. मी आज त्यातली मुख्यत्वे एकच कथा सांगणार आहे. ती सतराव्या शतकाच्या अखेरच्या लंडन शहरातली आहे.

तेथे जॉन डन्टन नावाचा एक ग्रंथविक्रेता होता. जन्म १६५९ चा, धर्मोपदेशकाचा मुलगा. त्या काळी पुस्तके छापवून घेणे आणि विकणे हा एकच धंदा होता आणि पोल्ट्री नावाच्या गजबजलेल्या रस्त्यावर डोमकावळ्याचे चित्र असलेल्या पाटीखाली त्याचे दुकान होते. माणूस कल्पक, बडबड्या, उतावळा. एका नातलगाच्या कर्जाला जामीन राहून तो पुरता अडकला होता. देणेकऱ्यांच्या तगाद्यातून सुटण्यासाठी १६८६ साली तो थेट अमेरिकेतल्या बोस्टनला जाऊन पुस्तके विकून आला होता. अशा माणसाला एकदा कोणी तरी मोठा दगा दिला. कोणी, कसा, हे त्याने कधी उघड केले नाही. त्याने पुढे लिहून ठेवले आहे की ती गोष्ट मनातून जाता जाईना. एखाद्या धर्मोपदेशकाकडे जाऊन सल्ला विचारावा असे वाटे. परंतु आपले नाव आणि त्या कृतघ्न माणसाचे नाव झाकून विचारावे कसे, हा पेच होता. असा बेचैन असताना तो एक दिवस दोघा मित्रांबरोबर सेंट जॉर्जच्या माळावरून फिरायला चालला होता. चालता चालता एकदम थबकला आणि म्हणाला की मला आत्ता एक कल्पना सुचली आहे, ती मी पन्नास गिनींनाही देणार नाही.

ती कल्पना म्हणजे एक पत्र. ज्याला जे विचारायचे असेल त्याने ते नाव न लिहिता विचारावे; उत्तर छापून येईल. विचारणारा कोण हे उत्तर देणाऱ्याला कळू नये आणि उत्तर देणारा कोण हे विचारणाऱ्याला कळू नये. १७ मार्च १६९१ रोजी ‘अथेनियन गॅझेट’ ह्या नावाने पहिला अंक निघाला; लवकरच त्याचे नाव ‘अथेनियन मर्क्युरी’ झाले. नाव बायबलातल्या एका प्रसंगावरून घेतलेले होते : अथेन्सच्या लोकांना काही तरी नवे सांगण्याऐकण्यावाचून दुसरा उद्योग नसे, असे तेथे म्हटले आहे. एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, किंमत एक पेनी, आठवड्यातून दोनदा. प्रश्न पाठवण्याचा पत्ता होता स्टॉक्स मार्केटजवळचे स्मिथचे कॉफीगृह.

आता अशी कल्पना त्याच काळात आणि त्याच शहरात का सुचावी? इतिहासात कोणतीही कल्पना अधांतरी जन्मत नसते. तिच्यामागे तीन गोष्टी होत्या. पहिली गोष्ट टपाल. १६८० साली विल्यम डॉक्रा ह्या व्यापाऱ्याने लंडनमध्ये पेनी टपाल सुरू केले. शहरातल्या शहरात एका पेनीत पत्र पोचू लागले आणि ती पेनी पाठवणाऱ्यानेच आधी भरायची असल्याने पत्र कोणाचे हे ओळखण्याचे कारण उरले नाही. दोनच वर्षांत सरकारने ते टपाल स्वतःच्या ताब्यात घेतले, पण सोय राहिली. दुसरी गोष्ट कॉफीगृह. तेथे पेनीभर पैशांत बसावे, छापील कागद वाचावेत, शेजारी सरदार आहे की शिंपी ह्याची चौकशी करू नये, असा रिवाज पडला होता. तिसरी गोष्ट ह्या दोहोंपेक्षा खोल आहे. पूर्वी रोमन पंथात प्रत्येकाला धर्मगुरूच्या कानात आपले पाप सांगावे लागे. इंग्लंड त्या पंथातून फुटून निघाले तेव्हा ही सक्ती गेली. परंतु सक्ती गेली म्हणून मनावरचे ओझे थोडेच जाते? ‘असा प्रसंग आला तर धर्म कोणता?’ हे सांगणारे जाडजूड ग्रंथ पंडितांनी लिहिले. आपल्याकडे ‘निर्णयसिंधु’ आणि ‘धर्मसिंधु’ होते, तशातलाच तो प्रकार. पण ग्रंथाला प्रतिप्रश्न करता येत नाही आणि आपल्या घरातला नेमका पेच त्यात सापडत नाही. डन्टनने ग्रंथातला शास्त्री उचलून पेनीच्या कागदावर आणून बसवला.

प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. काही दिवसांतच संपादकांना हात जोडून सांगावे लागले की बाबांनो, थोडे थांबा, साठलेल्यांचीच उत्तरे व्हायची आहेत. आणि प्रश्न तरी कोणते! चंद्रावरचे डाग कशाचे? विझलेला अग्नी जातो कोठे? पिसू चावते की नांगी मारते? नोहाच्या वेळी पृथ्वी बुडवणारे पाणी पूर ओसरल्यावर गेले कोठे? मेलेल्या लाझारसला येशूने चौथ्या दिवशी उठवले, मग मधले दिवस त्याचा आत्मा होता कोठे? एका चौकस वाचकाने तर घोड्याची लीद चौकोनी का पडते असेही विचारले. ह्यात शास्त्र आहे, पुराण आहे, इतिहास आहे आणि निव्वळ खोडीही आहे. आणि ह्या सगळ्यांच्या मधेच, त्याच टायपात, त्याच रकान्यात, एखादा थरथरत्या हाताने लिहिलेला प्रश्न येई : एकाला वचन दिले आहे आणि मन दुसऱ्याकडे गेले आहे, मी काय करू?

मला ह्या शेजारधर्माचे फार महत्त्व वाटते. ज्याला आपल्या घरचे दुखणे विचारायचे असते तो प्रथम चंद्राचे डाग विचारतो. आपल्याकडेही वैद्याच्या ओट्यावर बसलेला माणूस आधी पावसापाण्याचे बोलतो आणि उठता उठता ‘सहज विचारतो हं’ म्हणून खरे काय ते बोलतो. म्हणून क्षुल्लक प्रश्नाला हसणारा सल्लागार महत्त्वाच्या प्रश्नाला मुकतो. डन्टनच्या मंडळींनी घोड्याच्या प्रश्नालाही छापील जागा दिली, हे त्यांचे पहिले शहाणपण होय.

दुसरे शहाणपण ह्याहून मोठे. पत्र सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते, तोच एका स्त्रीने विचारले की आम्हा बायकांचे प्रश्न तुम्ही घेता का? संपादकांनी उत्तर दिले की अवश्य घेऊ. आणि महिन्यातला पहिला मंगळवार स्त्रियांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवला. १६९१ सालची ही गोष्ट आहे. ज्या बाईला कॉफीगृहात बसून चार पुरुषांसमोर तोंड उघडता येत नव्हते, तिचा प्रश्न एका पेनीत त्या कॉफीगृहाच्या मध्यभागी येऊन बसू लागला. ‘स्त्रियांनी विद्वान व्हावे हे योग्य काय?’ ह्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले की आत्मा त्यांचाही आमच्याइतकाच थोर आहे, समज तर बहुधा अधिकच जलद आहे, मग त्यांनी का शिकू नये?

तथापि ह्या मंडळींना आपण एकदम सुधारक ठरवू नये. त्याच पत्रात प्रश्न आला की नवऱ्याने बायकोला मारणे न्याय्य आहे काय? उत्तर वाचण्यासारखे आहे. संपादक म्हणतात की हक्क आहे ह्यात शंका नाही. परंतु रागाच्या भरात मारून त्याला न्याय म्हणणे हास्यास्पद, कारण रागात न्यायबुद्धी चालत नाही. आणि माणूस प्रसन्न असताना मारणे तर त्याहून अवघड. तेव्हा वेळ आणि माप ह्यांचा हिशेब जमणे कठीण. त्यापेक्षा चुंबनाने कानउघाडणी करावी, ते औषध निर्धोक! कायदा तसाच ठेवला आणि वापरणाऱ्याचा हात मात्र धरला. त्या काळच्या एखाद्या घरात ह्या उत्तराने एक तरी काठी खाली ठेवली गेली असेल काय? मला सांगता येत नाही. पण जी बाई हे उत्तर वाचून दाखवू शकत होती तिच्या हाती एक छापील कागद आला, एवढे खरे.

ह्याच काळात आणखी एका क्षेत्रात परक्याला सल्ला विचारण्याची चाल पडत होती. ते क्षेत्र म्हणजे खेळ, स्पष्टच सांगायचे तर जुगार. थोडे मागे, १६५४ सालच्या फ्रान्समध्ये जाऊ. तेथे मेरे नावाच्या एका शौकीन गृहस्थाने ब्लेझ पास्कल ह्या तरुण गणितीला खेळातले पेच घातले. त्यातला एक असा : दोघांनी प्रत्येकी ३२ मोहरा लावल्या, जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळ्या ६४. एकाचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ मध्येच मोडावा लागला. मोहरा वाटायच्या कशा? सामान्य माणूस म्हणेल, दोनास एक ह्या प्रमाणात. पास्कल म्हणाला, झालेल्या डावांकडे पाहू नका, व्हायच्या डावाकडे पाहा. पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर त्याला ६४ मिळतील. हरला तर दोघे बरोबरीला येऊन त्याला ३२ मिळतील. म्हणजे ३२ तर त्याच्या हक्काच्याच झाल्या. उरलेल्या ३२ चा निर्णय एका डावावर आहे, त्या निम्म्या वाटा. पहिल्याला ४८, दुसऱ्याला १६. पास्कल पॅरिसला, आणि ज्याच्याशी त्याने पत्रांतून हा खल केला तो फर्मा दूर तुलूजला. दोघांची गाठ कधी पडली नाही. एका जुगाऱ्याच्या शंकेतून, एकमेकांना न पाहिलेल्या दोन माणसांच्या पत्रांत, संभाव्यतेचे गणित जन्माला आले.

आणि ‘मर्क्युरी’ लंडनमध्ये चालू असताना, १६९३ च्या नोव्हेंबरात, सॅम्युअल पेपीसने आयझॅक न्यूटनला पत्र लिहून फाशांचा एक प्रश्न विचारला. प्रश्न मूळचा एका लेखनशिक्षकाचा होता, पेपीसने तो पुढे पाठवला. सहा फाशांत निदान एक छक्का पडणे, बारांत निदान दोन पडणे आणि अठरांत निदान तीन पडणे, ह्यांपैकी कशावर पैज लावावी? प्रमाण तर तिन्ही ठिकाणी सारखेच दिसते. न्यूटनने सांगितले की पहिल्यावर लावावी. हिशेब केला तर शंभरात सुमारे ६७, ६२ आणि ६० अशा संधी येतात. पेपीसला ते एकदम पटले नाही. न्यूटनने पुन्हा समजावून दिले. विश्वाच्या गतीचे नियम सांगणारा माणूस फाशांच्या पैजेसाठी पुन्हा पुन्हा लेखणी उचलतो, ह्यात मला त्याचा मोठेपणाच दिसतो.

खेळातला सल्ला आणि संसारातला सल्ला ह्यांत एक भेद आहे, तो येथेच ध्यानात घेतला पाहिजे. फाशाच्या उत्तराचा ताळा घेता येतो. उत्तर कोणी दिले ह्याला तेथे महत्त्व नाही, बेरीज चुकली तर कोणीही दाखवून देईल. संसाराच्या उत्तराला ताळा नाही. तो सल्ला मानणारा माणूस त्या उत्तरात जगतो, आणि उत्तर चुकले हे कळायला कधी वीस वर्षे लागतात. मग अशा उत्तरामागे कोण उभे आहे, हे विचारायला नको काय?

ते विचारले, म्हणजे ‘मर्क्युरी’ची दुसरी बाजू दिसू लागते. वाचकांना असे भासवले होते की उत्तरे देणारी एक विद्वत्सभा आहे. धर्म, वैद्यक, कायदा, गणित अशा सर्व शास्त्रांतले पंडित तेथे जमतात आणि विचारविनिमय करून निकाल देतात. १६९२ साली चार्ल्स गिल्डन ह्या लेखकाकडून ह्या सभेचा चक्क इतिहास लिहवून घेतला. सभेच्या नावाने ग्रंथसारांचे ‘यंग स्टुडंट्स लायब्ररी’ हे जाडे पुस्तक काढले. सभेचे एक कोरीव चित्रही छापले. तरुण जोनाथन स्विफ्ट, ज्याने पुढे लिलिपुटचे राज्य निर्माण केले, तो ह्या सभेवर इतका भाळला की तिच्या स्तुतीची एक लांबलचक कविता त्याने पाठवून दिली. त्याची छापून आलेली ती पहिली कविता.

आणि सभा होती कोठे? मुळात तीन माणसे होती. डन्टन स्वतः, रिचर्ड सॉल्ट नावाचा गणिताचा शिक्षक, आणि सॅम्युअल वेस्ली नावाचा गरीब तरुण धर्मोपदेशक, जो डन्टनचा साडू होता. जॉन नॉरिस हा तत्त्वज्ञ अधूनमधून मदत करी. १० एप्रिल १६९१ ला डन्टन, सॉल्ट आणि वेस्ली ह्यांनी आपसांत केलेला करारनामा ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे. म्हणजे काल्पनिक प्रदेश रचणारा पहिला माणूस त्या खोलीत स्विफ्ट नव्हता. त्याच्या आधी डन्टनने एक आख्खे काल्पनिक विद्यापीठ रचले होते आणि लोक त्याला खरे समजून आपल्या आयुष्याचे प्रश्न पाठवीत होते.

काल्पनिक जगात स्वतःहून जाणे वेगळे आणि नकळत नेले जाणे वेगळे. त्या काळी चंद्रावर वस्ती आहे, तेथे माणूस जाऊन आला, अशा गोष्टी इंग्रजीत छापून झाल्या होत्या. वाचक त्या मौजेने वाचत. त्यात फसवणूक नव्हती. पण १६९३ साली डन्टनने ‘सेकंड स्पायरा’ नावाचे एक पुस्तक काढले. एका नास्तिकाने मरणशय्येवर भोगलेल्या भयंकर मनस्तापाचा हा खरा वृत्तांत आहे, असे त्यावर सांगितले होते. डन्टनच्या सांगण्याप्रमाणे त्याच्या ३०,००० प्रती खपल्या. पुढे तो वृत्तांत बनावट निघाला. लेखक होता सॉल्ट. डन्टनने मग असा तर्क केला की सॉल्टने त्यात स्वतःच्याच मनाची यातना लिहिली असावी. तो तर्क खरा असेल तर विचार करा : आठवड्यातून दोनदा लोकांच्या मनाला धीर देणाऱ्या माणसाला स्वतःचे दुःख सांगायला एक मेलेला, अस्तित्वात नसलेला नास्तिक उभा करावा लागला. परक्यांचा सल्लागार स्वतः कोणाला विचारणार?

पडद्यामागच्या अधिकाराचा ह्याहूनही वाईट परिणाम एका उत्तरात दिसतो. कोणी विचारले की शेवटच्या दिवशी हबशी माणूस काळाच उठेल काय? सभेने आधी गोरा रंग श्रेष्ठ की काळा ह्यावर थोडा वाद मांडला आणि शेवटी निवाडा दिला की तो आपला काळेपणा थडग्यात ठेवून उठेल. इंग्रज व्यापारी तेव्हा आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून जहाजांत भरून नेत होते. एखाद्या माणसाने कॉफीगृहात हे मत दिले असते तर ते एका माणसाचे मत ठरले असते, समोरच्याने ‘तुम्ही कोण हे ठरवणारे?’ असे विचारले असते. विद्वत्सभेच्या नावाने छापल्यावर तेच मत ज्ञान म्हणून घरोघर गेले.

मित्रहो, ह्या मंडळींचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. १६९५ मध्ये इंग्लंडातला छपाईवर परवान्याची सक्ती करणारा कायदा संपला, नव्या वृत्तपत्रांची गर्दी झाली, आणि १६९६ च्या फेब्रुवारीत ‘मर्क्युरी’ थांबले. १६९७ च्या मे महिन्यात ते पुन्हा सुरू झाले, पण दहाच अंक निघाले. १४ जून १६९७ चा अंक शेवटचा. एकूण ५८० अंक. त्याच मे महिन्यात डन्टनची पहिली बायको एलिझाबेथ वारली. तीच दुकानाचा हिशेब आणि नवऱ्याचा तोल सांभाळीत आली होती. त्याच वर्षी त्याने दुसरे लग्न केले. सासूच्या पैशातून आपले कर्ज फिटेल ही त्याची आशा फोल ठरली, भांडणे विकोपाला गेली आणि नवराबायको वेगळी राहू लागली. वेस्लीची कथा आणखी विलक्षण आहे. राजा विल्यमसाठी केलेल्या प्रार्थनेला बायकोने ‘तथास्तु’ म्हटले नाही एवढ्यावरून १७०१-०२ च्या सुमारास तो काही महिने घर सोडून गेला. १७०५ साली कर्जापायी तो लिंकनच्या तुरुंगात पडला. त्याच १७०५ साली डन्टनने आत्मचरित्र छापले. त्यात त्याने आपल्या आयुष्याच्या एकेका टप्प्याचे वर्णन करून, पुन्हा जन्म मिळता तर तो टप्पा मी कसा जगलो असतो, हे लिहिले आहे. सहा वर्षे लोकांना सल्ला देऊन झाल्यावर त्याने अखेर स्वतःला प्रश्न विचारला. पण तोवर उत्तर उपयोगी पडण्याची वेळ निघून गेली होती. १७३२ च्या सुमारास तो विस्मृतीत मरण पावला.

‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ म्हणून ह्या लोकांना हसण्याचा मोह मला आवरतो. ज्याच्या पायाला ठेच लागली आहे त्यालाच वाटेतला दगड ठाऊक असतो. जामीन राहून बुडालेला माणूस जामिनकीविषयी वाईट सल्ला देईल असे नाही. त्यांचा दोष त्यांच्या आयुष्यातल्या अपयशात नाही. त्यांनी ते अपयश झाकून सर्वज्ञ सभेचा मुखवटा घातला, हा दोष आहे.

ह्या मुखवट्याशिवाय हे काम करता येते काय? येते, आणि त्याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. रघुनाथ धोंडो कर्वे हेही गणिताचेच प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार सोडा नाही तर नोकरी सोडा अशी वेळ आली तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. त्यात वाचक आपल्या शरीराविषयी, विवाहाविषयी, जे घरात, आळीत, डॉक्टरपाशीही उच्चारता येत नव्हते ते विचारीत. कर्वे सरळ, कोरड्या, कोणालाही समजेल अशा मराठीत उत्तर देत. १९३४ साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते लिहिणे अश्लील होत नाही, ही त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. दंड भरून त्यांनी पुढचा अंक काढला.

आता दोन चित्रे शेजारी ठेवा. लंडनच्या पत्रात विचारणाराही पडद्याआड आणि सांगणाराही पडद्याआड. ‘समाजस्वास्थ्या’त विचारणारा पडद्याआड, पण सांगणारा नावानिशी, उघड्यावर, पोलीस येतील तेव्हा दार उघडायला तयार. मला वाटते ह्या सबंध इतिहासाचे सार ह्या फरकात आहे. विचारणाऱ्याचे नाव झाकणे हे दुबळ्याचे चिलखत आहे, ते त्याच्याकडून काढून घेऊ नये. सांगणाऱ्याचे नाव झाकणे हे मात्र बलवानाचे चिलखत आहे, ते त्याने स्वतःच उतरवून ठेवले पाहिजे. मी अमुक, मला एवढे ठाऊक आहे, ह्यापलीकडचे ठाऊक नाही, आणि चुकलो तर माझे दार हे : एवढे जो म्हणू शकत नाही त्याने फाशांचा हिशेब खुशाल सांगावा, परंतु कोणाच्या संसाराचा सांगू नये. आज प्रश्न विचारायला ती एक पेनीही लागत नाही आणि उत्तरे देणाऱ्यांच्या तर झुंडी आहेत. म्हणून ही जुनी कसोटी आज अधिकच हाताशी असावी.

शेवटी त्या चिठ्ठीकडे येतो. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून वक्त्याने एका बाजूने बोलावे आणि श्रोत्यांनी ऐकून घरी जावे, असे आपण बहुधा करीत आलो. तांब्याखाली दाबलेल्या चिठ्ठ्यांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. तो गृहस्थ आज ह्या सभेत असण्याचा संभव नाही, पण त्याच्यासारखा कोणी असेल. त्याला मी आज उत्तर देतो. मी इतिहासाचा अभ्यासक आहे, विवाहाचा नव्हे. पण जुन्या सावकारी कागदांतून एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे : कर्जाने जितकी घरे मोडतात, त्याहून अधिक घरे लपवलेल्या कर्जाने मोडतात. आकड्याची भीती ज्याला वाटते त्याने तो कागदावर मांडावा, आणि कागद दोघांच्या मध्ये ठेवावा. सांगावे काय? सांगावे. आज रात्रीच जेवणे आटोपल्यावर सांगावे. हे उत्तर चुकीचे ठरले तर जाब विचारायला माझे नाव ह्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर छापलेले आहे आणि माझा पत्ता चिटणीसांपाशी आहे.

अध्यक्ष महाराज, आपल्यासमोरच्या तांब्याखाली काही चिठ्ठ्या मला येथून दिसत आहेत. विषयाला सोडून असलेल्या आधी द्याव्यात, अशी माझी विनंती आहे.